जुन्या गाडीचे ब्रेक : दोष ओळखावा कसा?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ब्रेकवर लेख लिहावा, याचे विज्ञान शाखेतील मित्रांना हसू येईल. त्यांनी खुशाल हसावे. पण मे २०२३ मध्ये असीरगडच्या उतरणीवर मी ज्या गाडीत बसलो होतो, तिचे ब्रेक अचानक गेले आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

गाडी माझ्या मामांची. मामा नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेले. (वर्तमानपत्राचा कागद करणारा हा देशातला पहिला कारखाना, पंडित नेहरूंनी १९५६ मध्ये तो राष्ट्राला अर्पण केला.) त्यांच्याकडे दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड आहे. इंग्लंडच्या ट्रायम्फ हेरल्डचे हे मद्रासला तयार झालेले भारतीय रूप. १९६२ मध्ये ट्रायम्फने हेरल्डचीच चौकट आखूड करून 'स्पिटफायर' ही दोन आसनी स्पोर्ट्‌स गाडी काढली. दोन्ही गाड्यांचा आराखडा इटलीच्या मिकेलोत्ती यांचा. या नात्याने मामा आपल्या गाडीला 'स्पोर्ट्‌स कार'च म्हणतात. मामी 'डबडे' म्हणतात.

तर उतरणीवर मामांनी ब्रेक दाबला, तो पॅडल थेट तळाला टेकले. खालचा गिअर आणि हाताचा ब्रेक यांच्या जोरावर गाडी कशीबशी डोंगराच्या कडेला थांबली. अर्धा तास आम्ही दगडावर बसून होतो. नंतर पाहतो तर ब्रेक पूर्ववत! गॅरेजवाल्याला दोष सापडेना, म्हणून त्याने मास्टर सिलिंडरच बदलला. बिल झाले, पुढच्या उतरणीवर पुन्हा तीच तऱ्हा.

आम्हांला हिशेबाच्या तासाला शिकवतात की, तेरीज जुळली नाही तर सगळी खाती खोडून नव्याने लिहायची नसतात. फरक कोणत्या जातीचा आहे ते आधी पाहायचे. ब्रेकचेही तसेच आहे. पाना हातात घेण्याआधी पायाला काय कळते ते ऐकावे.

पायाखालचे पॅडल मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ढकलते. तेथील ब्रेक ऑइलचा दाब नळ्यांतून चारही चाकांना पोचतो. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. सारे निदान या एका वाक्यावर उभे आहे. पॅडल स्पंजासारखे लागत असेल तर नळीत हवा आहे, किंवा जुना रबरी होज दाबाने फुगतो आहे. पहिल्या दाबाला खोल जाते, पण लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर उंच आणि टणक लागते? मग लायनर झिजून शू व ड्रम यांतले अंतर वाढले आहे. आधी ॲडजस्टर फिरवून पाहावा. गाडी उभी असताना पॅडल दाबून धरावे. पाय हळूहळू खाली जात असेल तर टाकीतील ऑइलची पातळी पाहावी. पातळी उतरली तर कोठेतरी गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूला ओल शोधावी. पातळी तीच राहिली तर मास्टर सिलिंडरचे रबर आतल्या आत दाब सोडते आहे. आमच्या गॅरेजवाल्याने ही एक मिनिटाची परीक्षा केली असती तर मामांचे पैसे वाचले असते.

ब्रेक दाबताना गाडी डावीकडे ओढली तर बहुतेकजण डावे चाक उघडतात. पण डावे चाक ब्रेक धरते म्हणूनच गाडी तिकडे जाते! दोषी बहुधा उजवे असते. तिथे लायनरवर तेल आलेले असते किंवा दट्ट्या अडकलेला असतो. स्पिटफायरसारख्या पुढे डिस्क असलेल्या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या की कॅलिपरमधील दट्टे गंजून असेच अडकतात.

आता उतरणीचा दोष. लायनर फार तापले तर पॅडल टणकच राहते, पण गाडी आवरत नाही. आमचे पॅडल तर मऊ पडून तळाला गेले होते. म्हणजे ऑइल उकळले होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ जातीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असे मानक आहे. ओलावा शोषल्यावर तीच मर्यादा १४० अंशांवर येते. उकळले की वाफ होते आणि वाफ दाबली जाते. थंड झाल्यावर तिचे पुन्हा ऑइल होते, म्हणून गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. जुन्या गाडीत चारही चाकांना दाब पोचवणारा मार्ग एकच, त्यामुळे एका चाकात वाफ झाली तरी चारही ब्रेक जातात. हाताचा ब्रेक तारेवर चालतो. तो तेवढा वाचला.

पण एवढी उष्णता आली कोठून? नेपानगरला सपाट रस्त्यावर ब्रेक न दाबता चार मैल गाडी चालवली आणि प्रत्येक ड्रमवर पाण्याचे थेंब टाकले. पुढच्या उजव्या चाकावर पाणी चुरचुरले. ते चाक जॅकवर घेतले (गाडीखाली लाकडी ठोकळे ठेवून, नुसत्या जॅकचा भरवसा धरू नये). हाताने फिरेना. निपल सैल करताच ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले. दाब आत कोंडला होता. होज बाहेरून चकचकीत होता, पण आतून सुजल्यामुळे दाब जाऊ द्यायचा आणि परत येऊ देत नसायचा.

होज सगळे बदलले, नवे ऑइल भरले. ऑइल दोन वर्षांनी बदलावे, आणि टाकीत इंजिन ऑइल चुकूनही घालू नये. सगळी रबरे फुगतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. मग सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली. आमच्या कॉलेजच्या गावचे मिस्त्री याला 'गाळी तेगियोदु' म्हणतात, नेपानगरचे 'एअर निकालना'; निपलमधून बुडबुडे मात्र सगळीकडे सारखेच येतात.

दिवाळीत पुन्हा असीरगड उतरलो. पायथ्याशी मामांनी गाडी थांबवली आणि आम्ही चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. चारही सारखीच कोमट होती. मामी तेवढ्या वेळात गाडीतून उतरून उभ्या राहिल्या होत्या.