सवाईला जाऊ या, पुणेही पाहू या!

मैत्रिणींनो, थंडी पडू लागली, की आपल्या पालघर-बोईसरकडे उकडहंडीचे बेत सुरू होतात आणि तिकडे पुण्यात सुरू होते सवाईची लगबग! ‘सवाई’ म्हणजे सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. साधारण डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, बुधवार ते रविवार भरतो. गेली काही वर्षे तो मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडांगणावर होतो. दुपारी-संध्याकाळी गाणे, आणि सकाळ आपली मोकळी. मग एका प्रवासात दोन कामे का करू नयेत?

परदेशात लोक असेच करतात. जर्मनीतल्या लाइपझिगला दर जूनमध्ये बाख या संगीतकाराच्या नावाने महोत्सव भरतो. ज्या थोमास चर्चसाठी त्याने १७२३ ते १७५० अशी सत्तावीस वर्षे संगीत रचले, तिथेच ते ऐकायचे आणि उरलेल्या वेळात जुने शहर पायी पाहायचे! आपल्याला त्यासाठी विमान नको. लोकलने दादर गाठायचे आणि तिथून पुण्याची गाडी. आरक्षण मात्र आधीच करून ठेवा.

“पण गाणं काय, रेडिओवरही ऐकता येतं!” असे घरात कुणीतरी म्हणणारच. आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या होत्या. त्यावर वाद घालू नये. गंगूबाई हनगलांची गोष्ट सांगावी. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. त्यांच्याकडे शिकायला गंगूबाई हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जात. जायचे, गायचे आणि परत घरी. संसार होता, मुले होती. आपल्यातल्या कितीजणी रोज पालघर-विरार करतात! त्यांना या प्रवासाचे मोल वेगळे सांगायला नको. नोकरीसाठी, दवाखान्यासाठी, लग्नामुंजींसाठी आपण बाहेर पडतोच. केवळ आपल्याला आवडते म्हणून तीन दिवस निघायचे, एवढेच काय ते जड जाते.

रामभाऊ १९५२ साली गेले. दुसऱ्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी हा महोत्सव सुरू केला. पूर्वी गाणे रात्रभर चाले आणि पहाटे भीमसेनजी गात. पुढे ध्वनिनियम आले आणि रात्री दहाची मर्यादा पडली. त्यामुळे पहाटेचे ललतासारखे राग आता तिथे सहसा कानी पडत नाहीत. पण दुपारचा मुलतानी, तिन्हीसांजेचा मारवा-पूरिया, मग यमन, हा क्रम उघड्या मंडपात अनुभवण्यासारखा असतो. बाहेरचा उजेड उतरतो तसा राग बदलतो. रेडिओवर नेमके हेच मिळत नाही!

गाण्यातले कळत नाही म्हणून बिचकू नका. विलंबित ख्याल सुरू झाला, की आधी तंबोऱ्याकडे कान द्या. किराणा घराण्याचा गायक एकेक सूर घेऊन सावकाश वर जातो. वरचा षड्ज लागला, की आजूबाजूचे “वा!” म्हणतातच. दोन दिवसांत आपल्यालाही त्याची वाट पाहायची सवय होते.

आता सकाळचे बोलू. पहिल्या दिवशी शनिवारवाडा. १७३० साली बाजीरावांनी पाया घातला. १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला. तट, जोती आणि अणकुचीदार खिळ्यांचा दिल्ली दरवाजा उरला आहे. तिथून जवळच, मुठेच्या काठी ओंकारेश्वर. आपल्याकडच्या बायकांनी तिथे जायलाच हवे, कारण तिथे चिमाजी आप्पांची समाधी आहे. १७३९ च्या जानेवारीत आपला तारापूरचा किल्ला मराठ्यांनी घेतला, त्यात बाजी भिवराव पडले. मे महिन्यात वसई सर झाली. ती मोहीम आप्पांची. पुढच्याच वर्षी ते वारले. ज्या किल्ल्यावरून आपण बाजाराला जाता-येता जातो, त्याचे हे दुसरे टोक!

दुसऱ्या दिवशी राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकररावांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभारले. त्यात पत्नी कमलाबाईंची मोठी साथ होती. १९७५ मध्ये तो सारा ठेवा त्यांनी शासनाला दिला. दिवे, अडकित्ते, वाद्ये, स्वयंपाकघरातली भांडी! आजीच्या हातातली वस्तू काचेमागे दिसली, की पाय तिथून हलत नाहीत. भांडी-पातेली घासणाऱ्यांच्या वस्तूंनाही इतिहास असतो, हे मुलांना दाखवण्यासारखे आहे.

मग बुधवार पेठेत भिडे वाड्याची जागा पाहा. तिथे १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. जुना वाडा २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. मी शिकवते, म्हणून असेल, पण त्या जागेसमोर मला हात जोडावेसे वाटले. तिथून तुळशीबाग जवळच. पण पर्स सांभाळा, आणि मुख्य म्हणजे वेळ सांभाळा! २०२४ पासून मंडई ते स्वारगेट मेट्रो आहे. स्वारगेटहून मुकुंदनगर दूर नाही.

काही घरगुती सूचना :

• तिकिटे निघाली की लगेच घ्या. भारतीय बैठक खुर्चीपेक्षा स्वस्त पडते. गुडघे दुखत असतील तर मात्र खुर्चीच बरी.

• शाल, कानटोपी, पायमोजे हवेतच. आपल्या किनाऱ्यावरच्या थंडीवर जाऊ नका, पुण्याची रात्र बोचते.

• प्रवासासाठी दशम्या आणि लसणीची चटणी न्या. दोन दिवस टिकतात.

• घरी भाज्या निवडून, डाळ-तांदूळ मोजून ठेवा. पण तीन दिवसांचे सगळे रांधून ठेवू नका. कुकर लावणे घरातल्या कुणालाही जमते. आमच्या ह्यांची तारापूरला पाळी असते, तरी जमले!

• शेजारणीला सोबत घ्या. खर्च वाटला जातो आणि घरच्यांनाही निर्धास्त वाटते.

भीमसेनजी २०११ मध्ये गेले. त्यांच्यानंतर समारोपाला गाण्याचा मान अनेक वर्षे डॉ. प्रभा अत्रे यांच्याकडे होता. २०२४ च्या जानेवारीत त्याही गेल्या. ज्यांना समोर बसून ऐकायचे, त्यांना ‘पुढच्या वर्षी’ म्हणत राहू नये. मुलांच्या स्नेहसंमेलनाच्या तारखा आजच पाहून घ्या आणि दिनदर्शिकेवर तीन दिवस खूण करून टाका.