शेल स्क्रिप्टमध्ये असोसिएटिव्ह ॲरे : हजेरी मोजता मोजता

साधा ॲरे म्हणजे नंबर टाकलेल्या खणांचं कपाट. शून्यावा खण, पहिला खण, दुसरा खण. असोसिएटिव्ह ॲरेमध्ये खणावर नंबराऐवजी तुम्ही द्याल ते लेबल असतं. त्या लेबलाला ‘किल्ली’ म्हणायचं आणि आत ठेवलेल्याला ‘किंमत’. मुलांना सांगताना शब्दकोशाचं उदाहरण पटकन कळतं: शब्द ही किल्ली, अर्थ ही किंमत.

समजा महिन्याची हजेरी एका साध्या फाईलमध्ये आहे. जो मुलगा ज्या दिवशी हजर, त्याचा हजेरी क्रमांक एका ओळीत. प्रत्येकाचे दिवस मोजायचे आहेत. एकेक ओळ वाचायची आणि त्या क्रमांकाच्या खणात एकाची भर घालायची, बस्स. हे साध्या ॲरेनेही होईल की, असं वाटेल. पण क्रमांक 01, 02 असे लिहिलेले असतील तर 07 पर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि 08 ला बॅश चूक दाखवतं! कारण पुढे शून्य असलेली संख्या बॅश अष्टमान पद्धतीने वाचतं, आणि त्या पद्धतीत 8 हा अंकच नाही. ही चूक निदान दिसते तरी. क्रमांक तीन अंकी असतील तर 012 चे दिवस गुपचूप 10 च्या खणात जातात. म्हणजे एका मुलीची हजेरी दुसरीच्या नावावर. असोसिएटिव्ह ॲरेमध्ये किल्ली ही नुसती अक्षरं असतात, त्यामुळे हा घोटाळा होत नाही. मात्र तिथे 08 आणि 8 या दोन वेगळ्या किल्ल्या, हे ध्यानात ठेवा.

वापरण्याआधी घोषणा करावीच लागते: डिक्लेअर, मग उणे चिन्हाला चिकटून कॅपिटल ए, मग ॲरेचं नाव. (टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं.) स्मॉल ए लिहिलात तर साधा ॲरे तयार होतो. घोषणा विसरलात आणि किल्ल्या म्हणून रोमन लिपीतली नावं दिलीत, तर बॅश त्या नावांना व्हेरिएबल समजतं, त्यांची किंमत शून्य धरतं आणि सगळा वर्ग शून्याव्या खणात कोंबतं. चुकीचा संदेशही येत नाही. घोषणा केली असेल तर देवनागरी किल्ल्याही छान चालतात, ॲरेचं नाव मात्र रोमनच हवं.

नावं किल्ली म्हणून वापरू नका, असंच मी सांगेन. एका वर्गात दोन सारख्या नावांची मुलं असतातच. आणि ‘सई’च्या पुढे चुकून एक स्पेस पडली तर संगणकाला ती वेगळीच मुलगी. विंडोजमध्ये सेव्ह केलेल्या फाईलमध्ये तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह येतं आणि तेही किल्लीला चिकटतं. ते आधी काढून टाका. कोऱ्या ओळीही गाळा, कारण रिकामी किल्ली बॅश स्वीकारत नाही.

आणखी एक नेहमीची अडचण. फाईल पाइपमधून व्हाइल लूपला दिली की लूप वेगळ्या उपशेलमध्ये चालतो. आत मोजणी बरोबर होते, लूप संपला की ॲरे रिकामा! म्हणून लूपच्या शेवटी, डनच्या पुढे, ‘पेक्षा लहान’ चिन्ह देऊन फाईलचं नाव लिहायचं.

यादी छापताना क्रमाची अपेक्षा ठेवू नका, किल्ल्या कशाही क्रमाने येतात. सॉर्टमधून काढल्या की झालं.

ही सोय बॅशमध्ये 2009 साली, 4.0 आवृत्तीत आली. ऑकमध्ये ती 1977 पासूनच आहे, आणि नुसती मोजणीच करायची असेल तर मला ऑकच सोपं वाटतं. घरी मॅक असेल तर त्यासोबत येणारं बॅश अजून 3.2 आहे, तिथे ही घोषणा चालणारच नाही. त्याचं झी-शेल वापरा, पण किल्ल्यांची यादी काढायची पद्धत तिथे वेगळी आहे.