तासकाटा नसलेलं घड्याळ

अमेरिकेत प्रौढांचे पोहण्याचे संघ जिथे सराव करतात, तिथल्या बहुतेक तरण तलावांच्या काठावर परातीएवढ्या तबकडीचं एक घड्याळ असतं. त्यावर 1 ते 12 हे आकडे नसतात, 5 पासून 60 पर्यंतचे असतात. एक काटा सेकंदांचा, बहुधा लाल, दुसरा मिनिटांचा. तासकाटा नाहीच, त्यामुळे सकाळचे किती वाजले हे ते सांगू शकत नाही. या पेस क्लॉकला पोहण्याच्या सरावात आणण्याचं श्रेय सहसा इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक जेम्स ‘डॉक’ काउन्सिलमन यांना दिलं जातं. जलतरणपटू मार्क स्पिट्झ त्यांच्याच हाताखाली घडला, आणि 1979 साली, वयाच्या 58 व्या वर्षी, ते स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेले. तोवर एवढ्या वयाच्या कोणी ती पार केली नव्हती. प्रौढांच्या सरावात वक्तशीरपणा का हवा, याचं उत्तर शिष्टाचाराच्या पुस्तकापेक्षा या घड्याळात शोधावं असं माझं मत आहे.

आपल्याकडे महापालिकेच्या तलावांवर वेळ पाळली जाते ती बॅचची. ठरलेल्या वेळी आत सोडतात, शिट्टी वाजली की सगळे बाहेर. तिथे दहा मिनिटं उशिरा आलेला माणूस स्वतःची दहा मिनिटं गमावतो. शेजारी पोहणाऱ्याचं त्यात काही जात नाही. संघाच्या सरावाचं गणित वेगळं आहे. पंचवीस मीटरच्या एका लेनमध्ये सहा जण आहेत आणि कोचने ‘शंभर मीटर दहा वेळा, दोन मिनिटांवर’, म्हणजे दर दोन मिनिटांनी पुढची फेरी, असा सेट दिला आहे, असं धरू. पहिला पोहणारा लाल काटा 60 वर येताच निघतो, दुसरा पाच सेकंदांनी, तिसरा आणखी पाच सेकंदांनी. अमेरिकेतल्या रिवाजाप्रमाणे सगळे लेनची उजवी बाजू धरून जातात आणि उजवी बाजू धरूनच परततात. प्रत्येकाला शंभर मीटरला पावणेदोन मिनिटं लागत असतील, तर भिंतीशी पंधरा सेकंदांचा दम खायला मिळतो आणि लगेच पुढची फेरी. आता हिशोब करा. पहिला पलीकडच्या भिंतीशी वळायला येतो, तेव्हा सहावा नुकताच निघालेला असतो. पहिला पुन्हा निघतो, तेव्हा पाचवा आणि सहावा अजून पोचलेलेच नसतात. म्हणजे दहाही फेऱ्यांच्या मध्ये असा एकही क्षण नाही की सहाच्या सहा जण भिंतीशी थांबलेत आणि सातव्याने येऊन ‘आज काय चाललंय?’ असं विचारावं. विचारलंच, तर उत्तर देणाऱ्याची पंधरापैकी दहा सेकंदं गेली. त्याने उशीर केला, तर त्याच्या मागचे सगळे उशिरा निघतात. घड्याळ कोणासाठी थांबत नाही, म्हणून ही चूक पुढच्या फेरीतही तशीच राहते.

शिवाय लेनमधली रांग वेगावर ठरते. वेगवान माणूस पुढे, त्याच्यामागे उतरत्या क्रमाने बाकीचे. ही मांडणी वॉर्मअपच्या पंधरा-वीस मिनिटांत होते, आणि दोन मिनिटांचा इंटरव्हल कोणाला झेपेल, कोणी शेजारच्या लेनमध्ये जावं, हेही कोच तेव्हाच पाहतो. म्हणूनच ‘वॉर्मअप म्हणजे नुसतं सावकाश पोहणं, ते चुकलं तर काय बिघडलं?’ हा आक्षेप मला पटत नाही. आणि चाळिशी-साठीतल्या खांद्यांना, हृदयाला एकदम वेगात ढकलू नये, हे तर आहेच. प्रौढांच्या पोहण्याची ही ‘मास्टर्स’ चळवळ मुळात आरोग्यासाठी उभी राहिली. अमेरिकेच्या नौदलातले डॉक्टर रॅन्सम आर्थर यांनी पुढाकार घेतला आणि मे 1970 मध्ये टेक्सासमधल्या अमरिलो इथे मास्टर्स पोहण्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. प्रौढांपुढे स्पर्धेचं उद्दिष्ट ठेवलं तर ते व्यायाम टिकवतील, असा त्यांचा विचार होता. 1986 मध्ये टोकियोला जागतिक मास्टर्स स्पर्धाही सुरू झाली.

वक्तशीरपणाच्या या आग्रहावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. मास्टर्सचे सभासद स्वतः फी भरतात. कोणाला मुलांना शाळेत सोडायचं असतं, कोणाची रात्रपाळी संपलेली असते, कोणाच्या घरी आजारी आई असते. अशा माणसाला वेळेची सक्ती केली तर तो येणंच बंद करेल, आणि मग चळवळीचा हेतूच हरला. हे मला पूर्ण मान्य आहे. शाळकरी संघात उशिरा आलेल्याला जोर काढायला लावतात, तसली शिक्षा मोठ्यांना करणं तर अपमानास्पदच. पण या आक्षेपात दोन गोष्टींची गल्लत होते. दर मंगळवारी वीस मिनिटं उशिरा येणारी परिचारिका जर तसं आधी सांगून ठेवत असेल, तर माझ्या लेखी ती वक्तशीरच आहे. कोच तिच्यासाठी जागा ठेवू शकतो, सेट फळ्यावर लिहून ठेवू शकतो. लेनला त्रास होतो तो बेभरवशाच्या येण्याचा, आणि त्याहून जास्त कसंही मध्येच उडी मारण्याचा. वेळेवर येऊनही मधोमध घुसणारा माणूस, उशिरा येऊन नीट सामील होणाऱ्यापेक्षा लेनला महाग पडतो. सेट अर्धा टाकून न सांगता निघून जाणाराही तसाच: त्याच्या मागचा पोहणारा एक पूर्ण फेरी चुकीच्या वेळी निघतो.

तेव्हा अशा संघात जात असाल आणि उशीर झालाच, तर धावपळ करू नका. आधी फळा वाचा. रिकामी लेन असेल तर तिथे दोन-तीनशे मीटर सावकाश पोहून अंग मोकळं करा. नसेल तर काठावर खांदे आणि हात फिरवा. मग आपल्या लेनच्या कोपऱ्यात, वळणाऱ्यांची भिंत अडणार नाही असे उभे राहा आणि एक फेरी नुसती बघा: कोण पुढे आहे, शेवटचा कोण, लाल काटा कितीवर असताना तो निघतो. शेवटच्याने भिंत सोडली की पाच सेकंद जाऊ द्या, आणि त्याच्या मागे निघा.