गरोदरपणात सल्ले शंभर, निर्णय कोणाचा?

घरात कोणी गरोदर असल्याचे कळले की पेढ्यांच्या आधी सल्ले येऊ लागतात. आई एक सांगते, सासूबाई दुसरे सांगतात, शेजारच्या काकू तिसरेच. पण अलीकडे आम्हाला आणखी एक गोष्ट दिसते. पौर्णिमेला विहारात जमलेल्या, अंगणवाडीत भेटणाऱ्या किंवा दवाखान्याच्या रांगेत बसलेल्या गरोदर भगिनींचे आपसातही एकमत नसते. एकीला नॉर्मलच हवी असते, तर दुसरी म्हणते, कळा कशाला सोसायच्या, सिझर करून मोकळे व्हावे. कोणी सातव्या महिन्यात माहेरी निघते, कोणी नवऱ्याजवळच राहायचे ठरवते. एक ग्रहण पाळते, दुसरी त्यावर हसते. एकीने मांसाहार सोडलेला असतो, दुसरीच्या ताटात रोज अंडे असते.

हे मतभेद वाईट नाहीत. प्रश्न एवढाच की कोणत्या बाबतीत प्रत्येकीने आपल्या मनाप्रमाणे वागावे, आणि कोणत्या बाबतीत कोणाचेच मत न चालता तपासणीचा कागद चालावा? हा फरक न कळल्याने आपल्या अनेक घरांत उलटे घडते. जे तिच्या आवडीवर सोडायला हवे तिथे सगळे घर हुकूम सोडते, आणि जिथे तातडीने दवाखाना गाठायला हवा तिथे ‘बघू उद्या’ म्हटले जाते.

कालामांचा प्रश्न आणि आपला प्रश्न

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारलेला प्रश्न आपल्याला माहीत आहे. अनेक उपदेशक येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो. मग आम्ही कोणाचे मानावे? ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, असे भगवंतांनी सांगितले. कशाने अहित होते आणि कशाने हित होते हे स्वतः पारखा, आणि जाणकार कशाला नावे ठेवतात, कशाची प्रशंसा करतात तेही पाहा.

यातला शेवटचा भाग आपण बरेचदा विसरतो. कालाम सुत्ताचा अर्थ ‘मला वाटेल ते खरे’ असा नाही. गरोदरपणात जाणकार म्हणजे प्रशिक्षित परिचारिका आणि डॉक्टर. त्यांनाही प्रश्न विचारता येतात, विचारायलाच हवेत. मात्र त्यांच्याकडील तपासणीला शेजारणीचा अनुभव हा पर्याय होऊ शकत नाही.

नॉर्मल की सिझर?

सर्वांत जास्त वाद इथेच होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात २१.५ टक्के बाळंतपणे सिझरने झाली. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होते. म्हणजे खासगीत जवळपास प्रत्येक दुसरे बाळंतपण शस्त्रक्रियेने. दुसरीकडे, संपूर्ण लोकसंख्येचा विचार केला तर सिझरचे प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेल्याने माता व बालमृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटले आहे.

याचा अर्थ सिझर वाईट असा घेऊ नये. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, बाळ आडवे असेल, कळा येऊनही मार्ग मोकळा होत नसेल किंवा बाळाचे ठोके घसरत असतील, तर हीच शस्त्रक्रिया दोन जीव वाचवते. अशा वेळी ‘आमच्या घरात सगळ्यांच्या नॉर्मल झाल्या’ म्हणत अडून बसणे घातक आहे. सिझर झालेली आई कुठल्याही अर्थाने कमी आई नाही. तिच्या पोटावर भरणारी जखम आहे आणि तिला विश्रांतीची गरज अधिक आहे, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे.

पण कारण नसताना, डॉक्टरांच्या सोयीसाठी किंवा मुहूर्त साधण्यासाठी पोट फाडून घेणे योग्य नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरातूनही चांगला दिवस पाहून सिझरची वेळ ठरवली जाते, तेव्हा आपण थोडे थांबून विचार करायला हवा.

मग ज्या भगिनी स्वतःहून सिझर मागतात, त्यांचे काय? त्यांना भित्र्या ठरवण्याआधी भीती कशाची आहे ते विचारावे. अनेकींना कळांपेक्षा प्रसूतिगृहातल्या ओरडण्याची, अपमानाची आणि एकटेपणाची धास्ती असते. त्यावर उपाय आहेत. प्रसूतीच्या वेळी तिच्या पसंतीची, विश्वासातली एक व्यक्ती जवळ असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत सोबतिणीला परवानगी दिली आहे. वेदना कमी करण्याची सोय आहे का, हे आधीच विचारता येते. वेदना सोसण्यात कोणतेही वेगळे पुण्य नाही.

डॉक्टरांनी सिझर सुचवली तर तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. कारण काय? थोडे थांबलो तर धोका काय? दुसरा पर्याय आहे का? आणि पहिली सिझर झाली म्हणजे दुसरीही सिझरच, असे प्रत्येक वेळी नसते. योग्य स्थिती असेल तर नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. मात्र तो तातडीने शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयातच करावा, घरी कधीही नाही.

माहेर की सासर?

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची जुनी रीत. राणी महामायासुद्धा कपिलवस्तूहून माहेरी, देवदहाला निघाली होती आणि वाटेत लुंबिनी वनात सिद्धार्थाचा जन्म झाला. सातव्या दिवशी महामायेचे निधन झाले आणि बाळाला महाप्रजापती गौतमीने वाढवले. ही कथा आपण जयंतीला ऐकतो, पण तिच्यातून व्यवहाराच्याही दोन गोष्टी घेता येतात. दिवस भरत आले असताना लांबचा प्रवास जोखमीचा असतो. आणि बाळ सुखरूप झाले म्हणजे आईचा धोका संपला, असे नाही.

म्हणून माहेर की सासर हे तिने ठरवावे. जिथे तिला आराम आणि आधार मिळतो ते घर बरे. फक्त माहेरी जायचे तर प्रवासाला चालेल का हे डॉक्टरांना विचारून वेळेत जावे. माता-बाल संरक्षण कार्ड आणि तपासण्यांचे कागद सोबत न्यावेत आणि तिथल्या आशाताईंकडे लगेच नाव नोंदवावे. सिझर आणि रक्त या दोन्ही सोयी असलेले जवळचे रुग्णालय कोणते, तिथे रात्री कसे पोहोचायचे, हे आधीच पाहून ठेवावे. १०८ क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. बाळंतपणानंतर निदान ४८ तास रुग्णालयात राहावे. घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देतात. त्यांना दारातून परत पाठवू नये.

खाणे, काम आणि ग्रहण

बाळ मोठे झाले तर बाळंतपण अडेल म्हणून शेवटच्या महिन्यांत कमी खायला सांगतात. हा सल्ला अहिताचा आहे. गर्भसंस्काराच्या नावाखाली अंडी-मासे सोडायला लावणेही तसेच. कोणाला मनापासून शाकाहार करायचा असेल तर तो तिचा निर्णय. मग डाळी, दूध, पालेभाज्या, नाचणी, शेंगदाणे ताटात हवेतच, आणि बी-१२ जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांशी बोलावे. पण खात आलेलीला पाप-पुण्याची भीती घालून तिच्या ताटातले अंडे काढून घेऊ नये.

कामाबाबत दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, गरोदरपण हा आजार नाही, चालत-फिरत राहा. दुसरी म्हणते, जड काही उचलू नको, आराम कर. दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या भगिनीला चालण्याचा सल्ला उपयोगी पडतो. बांधकामावर विटा वाहणाऱ्या किंवा आठ तास उभे राहून काम करणाऱ्या भगिनीला तोच सल्ला दिला तर ती थट्टा ठरते. तिला बसायला जागा हवी आणि पाण्याचे हंडे भरायला नवरा हवा.

ग्रहणात चिरले, शिवले तर बाळाचा ओठ फाटतो, याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. त्या काळात गरोदर स्त्रीला तासन्‌तास उपाशी, तहानलेली ठेवणे मात्र नक्कीच त्रासाचे आहे. बाळंतिणीला बंद खोलीत शेक-शेगडी देताना धूर आईच्या आणि बाळाच्या छातीत जातो, हेही ध्यानात घ्यावे. बाळाला पहिला चिकाचा पिवळसर घट्ट दूध जरूर पाजावे. ते टाकून देऊ नये.

डोहाळेजेवण करावे की विहारातील उपासिकांना बोलावून त्रिसरण-पंचशील घेत गर्भमंगल करावे, यावरही चर्चा होते. श्रीलंका, थायलंडसारख्या देशांत गरोदर स्त्रीसाठी अंगुलिमाल परित्त म्हणतात. अडलेल्या स्त्रीच्या वेदना पाहून अंगुलिमालाचे मन द्रवले, ती ही कथा. परित्ताने मनाला धीर येतो, आणि त्या धीराचे मोल आहे. पण कळा सुरू झाल्यावर पठण आणि रुग्णवाहिका यांत निवड करायची नसते. रुग्णवाहिका आधी बोलवावी. धीर देणारे शब्द तिच्यात बसूनही म्हणता येतात.

जिथे मत चालत नाही

काही बाबतीत ‘मला काही होत नाही’ हे वाक्य उपयोगाचे नाही.

पहिली बाब हिमोग्लोबिन. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेले तर रक्तक्षय, ७ च्या खाली गेले तर तीव्र रक्तक्षय मानतात. वर उल्लेखलेल्या पाहणीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस लोहाची गोळी रोज घ्यायची असते. ती चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषले जात नाही; लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगले.

दुसरी बाब सिकलसेल. विदर्भातील आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. वाहक व्यक्ती निरोगी दिसते. पण आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी करावी. ती वाहक निघाली तर नवऱ्याचीही करावी. दोघांकडून येणाऱ्या गोष्टीचा दोष एकट्या सुनेवर टाकणे अज्ञानही आहे आणि अन्यायही. सिकलसेलग्रस्त भगिनीने लोहाची गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

तिसरी बाब धोक्याची लक्षणे. अंगावरून रक्त जाणे, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, वेळेआधी पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल तर काहीही दुखत नसले तरी डॉक्टरांना दाखवावे. यापैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

निवड करायला हातात काहीतरी हवे

मतभेदांमागे बरेचदा पैसा असतो. जिच्याकडे विमा आहे ती रुग्णालय निवडते. जिच्याकडे नाही ती मिळेल ते घेते. म्हणून हक्क माहीत हवेत. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात नॉर्मल आणि सिझर दोन्ही बाळंतपणे, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याचे वाहन मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीने मिळाली.

या रजेची मुळे आपल्या इतिहासात आहेत. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार स्त्रीला विश्रांती मिळणे देशाच्याच हिताचे आहे, अशी भूमिका बाबासाहेबांनी मांडली. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो मंजूर झाला नाही, पण मूल कधी आणि किती हा स्त्रीच्या आरोग्याचा प्रश्न आहे हे तेव्हाच सांगून झाले होते. आजही घरकाम करणाऱ्या, बिगारी, शेतमजूर भगिनींना पगारी रजा मिळत नाही. ते काम अपुरे आहे.

विहारांना यात बरेच करता येईल. महिन्यातून एकदा आशाताईंना बोलवावे, सिकलसेल तपासणी शिबिर घ्यावे, रात्री गाडी देऊ शकणाऱ्यांचे आणि रक्तदात्यांचे क्रमांक फळ्यावर लावावेत. आणि या बैठकांना नवऱ्यांना आणि सासूबाईंनाही बसवावे, कारण निर्णय बहुतेकदा तेच घेत असतात.

गरोदर भगिनींची मते वेगवेगळी असणारच, कारण त्यांची शरीरे, घरे आणि भीतीही वेगवेगळ्या आहेत. कुटुंबाने तिच्यासमोर माहिती ठेवावी, तपासणीला सोबत जावे, धोक्याच्या वेळी धावावे. आणि बाकी जे उरते, ते तिला विचारावे.