राज्य बदलले, गाडीचे काय करावे?



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अध्यात्म यांवर बोलणारे विद्वान पुष्कळ येतात. आम्ही पडलो कामगार संघटनेची माणसे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकापाशी, कामगारांचे कागद वाचता वाचता झाले. तेव्हा आज एका कागदाविषयीच बोलावे असे आम्ही ठरवले आहे. तो कागद म्हणजे मोटारगाडीचे नोंदणीपत्र.

विषय किरकोळ वाटेल. परंतु खोपोली-रसायनीकडच्या कारखान्यांत परराज्यांतून माणसे बदलीवर येतात, आणि कळंबसारख्या गावांतली मुलेही नोकरीसाठी बाहेर जातात. कर्ज काढून घेतलेली गाडी बरोबर असते. मग रस्त्यात कोणी पाटी पाहून अडवतो, कोणी दलाल म्हणतो, इतके पैसे द्या, सारे करून देतो. कायदा ठाऊक नसलेला माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस पैसे देतो. म्हणून आधी कायदा समजून घेऊ.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा; तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याचे कलम ४६ सांगते की, एका राज्यात झालेली नोंदणी साऱ्या भारतात ग्राह्य आहे. म्हणजे गुजरातची पाटी लावून कर्जतच्या रस्त्यावर गाडी चालवणे हा काही गुन्हा नव्हे. मात्र कलम ४७ म्हणते की, गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तेथील नवा क्रमांक घेतला पाहिजे. १२ महिने संपल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावयाचा असतो. म्हणून आपण केव्हा आलो याचा पुरावा, म्हणजे बदलीचे पत्र, घरभाड्याचा करार, टोलच्या पावत्या, जपून ठेवावा.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. मुरबाडची गाडी कळंबला आली, तर जिल्हा बदलतो, राज्य बदलत नाही. अशा वेळी क्रमांक तोच राहतो. कलम ४९ प्रमाणे ३० दिवसांत नवा पत्ता तेवढा नोंदवून घ्यावा लागतो.

आता क्रम पाहू. सुरुवात जुन्या राज्यातून होते. जेथे गाडी नोंदली, त्या कार्यालयाकडून ना-हरकत दाखला घ्यावा लागतो. त्याचा अर्ज नमुना २८. त्यावर चासीच्या क्रमांकाचा पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा लागतो. कर भरलेला असावा, दंडाची चलने बाकी नसावीत, गाडी चोरीची नसल्याची खात्री पटावी, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती असावी. गाव सोडण्यापूर्वीच हे काम उरकणे शहाणपणाचे. पुढे त्याच दाखल्यासाठी शेकडो मैल परत जावे लागते.

या बाबतीत कायद्याने नागरिकाला एक हत्यार दिले आहे, पण ते फार थोड्यांना माहीत असते. कलम ४८ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत कार्यालयाने होकार किंवा नकार कळवलाच पाहिजे, आणि नकाराची कारणे लिहून ठेवली पाहिजेत. ३० दिवसांत काहीच कळवले नाही, तर दाखला दिला असे समजले जाते. तेव्हा अर्जाची पोच हातात घेतल्यावाचून खिडकी सोडू नये. त्या पोचेवर आणि आपल्या लेखी निवेदनावर नव्या राज्यात पुढचा अर्ज करता येतो.

तो पुढचा अर्ज नमुना २७. कर्जत आणि खालापूर हे तालुके पनवेलच्या परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येतात. नवी पाटी एमएच ४६ ची मिळते. क्रमांक बदलला की विमा कंपनीला व बँकेला लेखी कळवावे.

येथवर कागदांचे झाले. खरी ठेच पुढे, कराला लागते. आपल्या राज्यघटनेत वाहनांचे नियम समवर्ती सूचीत आहेत, परंतु वाहनांवरील कर हा राज्यसूचीतला, ५७ व्या नोंदीतला विषय आहे. क्रमांक देशभर चालतो, कर मात्र ज्या त्या राज्याचा! मुंबई राज्याने १९५८ साली केलेला वाहनकराचा कायदा महाराष्ट्रात पुढे चालू राहिला. १० लाखांपर्यंतच्या नव्या पेट्रोल मोटारीला येथे ११ टक्के कर पडतो. ६ लाखांच्या गाडीला ६६ हजार रुपये. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, पण चुकत नाही. जुन्या राज्यात पूर्वी भरलेल्या करापैकी उरलेल्या काळाचा परतावा त्या राज्याच्या नियमांप्रमाणे मागता येतो. परंतु आधी येथे भरावयाचे आणि मग तिकडे मागत बसावयाचे. गाडीचा हप्ता चालूच असतो. ही रक्कम आणायची कोठून?

केंद्र सरकारने २०२१ साली यावर एक उपाय काढला. बीएच मालिकेचा क्रमांक घेतला, की राज्य बदलले तरी पाटी बदलावी लागत नाही आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. डिसेंबर २०२२ पासून जुन्या क्रमांकाची गाडीही या मालिकेत आणता येते. पण हा क्रमांक कोणाला? सैन्यातील लोकांना, सरकारी व सार्वजनिक उद्योगांतील नोकरांना, आणि ज्या खाजगी कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत आहेत तिच्या नोकरांना. एकाच गावी शेड असलेल्या छोट्या कारखान्यातला फिटर किंवा स्वतःचा धंदा करणारा गवंडी यांना हे दार बंद आहे. भाकरीसाठी राज्य सोडण्याची वेळ तर त्यांच्यावरही येते. भारतात कोठेही जाण्याचा व राहण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला सारखाच दिला आहे. मग त्या हक्काबरोबर येणारी सोय नोकरी पाहून का मिळावी?

रस्त्यांना पैसा लागतो, राज्याने कर घ्यावा, याबद्दल आमची तक्रार नाही. आमचे म्हणणे दोनच गोष्टींपुरते आहे. दोन राज्यांनी आपसांत हिशेब करावा आणि माणसाकडून फक्त फरक घ्यावा. दुसरे असे की, मालक आपल्या सोयीसाठी कामगाराची परराज्यात बदली करतो, तेव्हा सामानाच्या भाड्याबरोबर गाडीच्या नोंदणीचा व कराचा खर्च, आणि परिवहन कार्यालयात जाण्यासाठी एका दिवसाची भरपगारी रजा, ही कलमे वेतनकरारात लिहून घ्यावीत. पहिल्या गोष्टीला लोकसभेची वाट पाहावी लागेल. दुसरी मात्र आपल्या हातची आहे. पुढचा करार होईल तेव्हा आपल्या युनियनच्या मागणीपत्रात ती आहे की नाही, हे प्रत्येक सभासदाने स्वतः वाचून पाहावे.