ठोसा मारल्यानंतर काय होते?

मे महिन्याच्या सुट्टीतली गोष्ट. नरसिंहपूरला आमच्या अंगणात दोन चुलतभाऊ रोबोट झाले होते. डोक्यावर पुठ्ठ्याची खोकी, हातात उसाची कांडकी. खेळता खेळता मोठ्याने धाकट्याला असे ढकलले की त्याचा ओठ फुटला. "रोबोट माफी मागत नसतो," एवढेच मोठ्याचे उत्तर. दोघांचे बोलणे बंद झाले, त्यांच्या आयांमध्ये धुसफूस सुरू झाली आणि दादीने फर्मान काढले, आजपासून कार्टून बंद!

आम्ही शिक्षक. बंदी घालण्याआधी मुले काय बघतात ते तरी बघू, म्हणून दोघांना घेऊन बसलो. लावला डोरेमॉनचा 'नोबिता अँड द स्टील ट्रूप्स'. हा जपानी चित्रपट मूळ 1986 चा, 2011 मध्ये तो नव्याने काढला गेला.

नोबिताला एका महाकाय रोबोटचे सुटे भाग सापडतात. आरशातल्या निर्मनुष्य जगात तो रोबोट जोडला जातो. मुले खुशीत असतात. तेवढ्यात शिजुकाचा हात एका बटणावर पडतो आणि समोरची उंच इमारत कोसळते. तिथे माणसे असती तर? या विचाराने मुले हादरतात. आपण ज्याला खेळणे समजलो ते हत्यार आहे, हे त्यांना कळते. आमच्या शेजारी बसलेला मोठाही इथे गप्प झाला.

पुढे यंत्रमानवांची फौज पृथ्वीवर चालून येते. त्यांची हेर रिरुरू जखमी होते, तेव्हा शिजुका तिची मलमपट्टी करते. शत्रूची सेवा कशासाठी, हे रिरुरूला उमगत नाही. पण तिच्यात बदल होतो तो याच सेवेने. शेवटी ती भूतकाळात जाऊन पहिल्या यंत्रमानवांच्या मनात दयेचे बीज पेरते. त्यामुळे आपण स्वतःच नाहीसे होऊ, हे ठाऊक असूनही.

1999 चा अमेरिकन 'द आयर्न जायंट' याच वाटेने जातो. त्यातला अवाढव्य रोबोट एका लहान मुलाच्या दोस्तीत वाढतो. म्हणून गावावर क्षेपणास्त्र येते आणि तो त्याला भिडायला आकाशात झेपावतो, तेव्हा आपला जीव खालीवर होतो. दोस्ती आधी दाखवली नसती, तर तो नुसता धमाका ठरला असता.

मारामारी मुलांना खिळवते. पण नाती नसतील तर ती फक्त ढकलायला शिकवते. रागावर काबू ठेवणे हीच खरी ताकद, ही नबींची (स.) शिकवण आपण मुलांना सांगतोच. कार्टून बघतानाही तीच कसोटी लावावी. मुलांना विचारावे, हा कशासाठी लढतोय? ठोसा बसला त्याचे पुढे काय झाले? त्याच्याजवळ कोण बसले? ज्या कार्टूनमध्ये या प्रश्नांना उत्तरच नाही, ते खुशाल बंद करावे.

त्या दिवशी मोठ्याने माफी मागितली नाही. मगरिबनंतर मात्र त्याने आपल्या वाटणीचा आंबा घेतला आणि धाकट्यासाठी कापला. फोडी अगदी बारीक केल्या, फुटलेल्या ओठाला सोसतील अशा. दादीने ते पाहिले. कार्टून बंद झाले नाही. एकट्याने बघायचे नाही, एवढेच ठरले.