गळणाऱ्या झडपेचे मोजमाप

मुलांनो, छातीवर डाव्या बाजूला हात ठेवा. काय जाणवते? धडधड! मित्राच्या छातीला कान लावून पाहा. 'लब्-डप्, लब्-डप्' असा आवाज ऐकू येईल. उर्दूत आपण ज्याला दिल म्हणतो, त्याला मराठीत हृदय म्हणतात. हा आवाज हृदयाचा, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण तेथे वाजते तरी काय? हृदयातील दारे मिटतात, त्यांचा हा आवाज!

हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद व खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात. रक्त वरून खाली येते आणि निलय ते बाहेर ढकलते. उजवे निलय रक्त फुप्फुसांकडे पाठवते. डावे निलय ते महाधमनी या मोठ्या नळीत सोडते. तेथून ते सर्व शरीरात जाते. या वाटेवर चार दारे आहेत. त्यांना झडपा म्हणतात. झडप एकाच दिशेने उघडते. रक्त पुढे गेले, की ती मिटते.

विहिरीवरचा पंप तुम्ही पाहिला असेल. त्याच्या पाण्यात बुडालेल्या टोकाला फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर येऊ देतो, पण खाली जाऊ देत नाही. तो खराब झाला, तर पाइपातले पाणी पुन्हा विहिरीत उतरते. हृदयाचेही तसेच आहे. झडप नीट मिटली नाही, तर काही रक्त मागे फिरते. यालाच झडपेची गळती म्हणतात.

झडप का बिघडते? कोणाच्या झडपेत जन्मापासून दोष असतो. कोणाची झडप वयाबरोबर सैल होते. आपल्या देशात आणखी एक कारण आहे आणि ते तुमच्याच वयाच्या मुलांशी संबंधित आहे. एका प्रकारच्या जंतूंमुळे घसा दुखतो, ताप येतो. तिकडे दुर्लक्ष केले, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो. ५ ते १५ वर्षे वयात हा ताप अधिक आढळतो. सांध्यांची सूज उतरते. पण हृदयाच्या झडपांना झालेली इजा कायम राहू शकते.

समजा, तुमच्या वर्गातील एका मुलीची झडप अशी गळते आहे. गळालेले रक्त हृदयाला पुन्हा पुन्हा ढकलावे लागते. जास्तीच्या कामाने निलय हळूहळू मोठे होते. कित्येक वर्षे तिला काहीच त्रास जाणवत नाही. मग एक दिवस शाळेचा जिना चढताना तिला धाप लागते. तिच्यावर शस्त्रक्रिया करावी का? गळती थोडी असेल, तर उगीच शस्त्रक्रिया कशाला? पण फार उशीर झाला, तर हृदयाचा स्नायू दुबळा होतो आणि झडप दुरुस्त करूनही त्याला पहिली ताकद येत नाही. म्हणून डॉक्टरांना केवळ 'गळते आहे' हे कळून भागत नाही. 'किती गळते?' हे कळावे लागते.

१८१६ साली फ्रान्समधील डॉक्टर लाएनेक यांनी कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले. त्यातूनच स्टेथोस्कोप तयार झाला. गळणाऱ्या झडपेचा 'फुस्स' असा आवाज त्यातून ऐकू येतो. पण आवाजावरून माप नेमके कळत नाही. पुढे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणारी इको तपासणी आली. आजही प्रथम हीच तपासणी करतात. ती सोपी आहे व लवकर होते. मात्र कधी कधी रक्ताची धार तिरपी जाते किंवा चित्र स्पष्ट येत नाही. अशा वेळी अंदाज चुकू शकतो. तेव्हा एम. आर. आय. हे यंत्र मदतीला येते.

हे यंत्र म्हणजे एक मोठा, पोकळ चुंबक. त्याचे बळ पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट असते. आपल्या शरीरात पुष्कळ पाणी आहे आणि पाण्यात हायड्रोजनचे अणू आहेत. या अणूंची केंद्रके चिमुकल्या होकायंत्रांसारखी वागतात. यंत्र रेडिओलहरी सोडून त्यांना हलवते. पूर्वस्थितीला येताना ती केंद्रके बारीक संदेश देतात. त्या संदेशांवरून संगणक चित्र तयार करतो. १९७३ साली पॉल लाउटरबर यांनी असे पहिले चित्र प्रसिद्ध केले. पीटर मॅन्सफील्ड यांनी ही पद्धत जलद केली. दोघांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या तपासणीत क्ष-किरण वापरत नाहीत. रोग्याला बोगद्यासारख्या जागेत निजवतात. आत ठकठक असा मोठा आवाज होतो, म्हणून कान झाकतात. किल्ल्या, पट्टा, केसांतील पिना बाहेर ठेवाव्या लागतात. मधूनमधून सूचना येते, "श्वास रोखून धरा!"

आता गळती कशी मोजतात, ते पाहू. पावाचे काप करावेत, तशी यंत्र हृदयाच्या कापांची चित्रे घेते. प्रत्येक कापाचे क्षेत्रफळ आणि जाडी यांचा गुणाकार करून सर्वांची बेरीज केली, की निलयात किती रक्त मावते ते कळते. समजा, त्या मुलीचे डावे निलय भरले, तेव्हा त्यात १५० मिलिलिटर रक्त होते. आकुंचनानंतर ५० मिलिलिटर उरले. म्हणजे १०० मिलिलिटर रक्त बाहेर ढकलले गेले.

वाहत्या रक्ताचा संदेश स्थिर मांसापेक्षा वेगळा असतो. त्यावरून महाधमनीतील रक्ताचा वेग मोजता येतो. वेग आणि नळीचे क्षेत्रफळ यांवरून कळले, की एका ठोक्यात ६० मिलिलिटर रक्तच पुढे गेले. मग उरलेले ४० मिलिलिटर कोठे गेले? बाकी झडपा चांगल्या असतील, तर ते अलिंद व निलय यांच्यामधील झडपेतून मागे गेले. म्हणजे गळती शेकडा ४० झाली! साधारणपणे निम्मे किंवा त्याहून अधिक रक्त मागे जात असेल, तर गळती गंभीर समजतात.

गंमत पाहा. पंपाने शंभर बादल्या पाणी सोडले आणि शेतात साठच पोहोचले, तर पाइपातले भोक न पाहताही शेतकरी गळती सांगतो. एवढे अवघड यंत्र. पण शेवटी कामी येते ती तुमच्या पाटीवरची वजाबाकीच! हाच हिशेब काही महिन्यांनी पुन्हा करतात. गळती वाढली का, निलय मोठे झाले का, हे पाहून शस्त्रक्रियेची योग्य वेळ ठरवतात.

ही तपासणी महाग आहे आणि ती सर्वांना लागत नाही. पण एक गोष्ट आपल्या हाती आहे. घसा दुखून ताप आला, तर घरात सांगा. डॉक्टरांकडे जा. त्यांनी दिलेले औषध, बरे वाटले तरी, मध्येच सोडू नका. घशाची वेळीच काळजी घेतली, तर पुष्कळदा हृदयाची दारे शाबूत राहतात.

शब्दार्थ
झडप – एकाच बाजूला उघडणारे दार
धाप लागणे – जोरजोराने श्वास चालणे
आकुंचन – आखडणे, लहान होणे
शाबूत – सुरक्षित, न बिघडलेले

स्वाध्याय
१. 'लब्-डप्' हा आवाज कशाचा असतो?
२. गळती किती आहे, हे डॉक्टरांना का कळावे लागते?
३. निलयाने ८० मिलिलिटर रक्त ढकलले व महाधमनीत ६० मिलिलिटर गेले. गळती शेकडा किती?